मुदत संपलेलं नाव आणि वरचे पैसे : नागपूरच्या एका रोपवाटिकेचं प्रकरण

काटोल रोडला एक रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळे भरून तयार केलेल्या संत्र्याच्या कलमा पावसाळ्यात विकायच्या आणि आंबिया बहाराची फळं उतरू लागली की घरची व ओळखीच्या बागांमधली संत्री पेट्या भरून थेट गिऱ्हाइकाला पाठवायची, असा धंदा. बघणारे काका साठीच्या पुढचे, हाताशी पुतण्या. २०११ मध्ये त्यांनी एक डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं. त्यात 'नागपूर' होतं, 'संत्रा' होतं. एकदा ऐकलं की लक्षात राहील असं नाव. मुदत संपल्यावर ते लिलावात गेलं आणि तिसऱ्याच माणसाला विकलं गेलं. ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचंच नाव देत नाही, काही तपशील बदलले आहेत, प्रकरणातले आकडेही गोल केले आहेत.

'रिन्यू करायला विसरले, डोमेन गेलं' एवढ्या वाक्यात हे प्रकरण संपतं असं बहुतेकांना वाटतं. कागद समोर ठेवले की ते तसं राहत नाही.

घडलं ते असं

डोमेन घेतलं होतं प्रताप नगरच्या एका वेबसाइट करणाऱ्या मुलाने, स्वतःच्या रिसेलर खात्यातून, म्हणजे मोठ्या कंपनीची डोमेनं पुढे विकणाऱ्याच्या खात्यातून. नशीब एवढंच की नोंदणीधारक म्हणून त्याने रोपवाटिकेचं नाव टाकलं. छोट्या दुकानांची बरीच डोमेनं वेबसाइटवाल्याच्याच नावावर असतात आणि भांडण झालं की दुकानदाराला आपण त्या नावाचे कुणीच नव्हतो हे कळतं. इथे ते नव्हतं. पण संपर्काचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा होता. खात्याचा पासवर्ड मुलाकडे, आणि मुलगा नोकरीला पुण्यात. दिवाळीत तो घरी आला की काका त्याला वर्षाचे पैसे देत; रिन्यूअल त्याच्या कार्डावरून आपोआप होत असे.

कार्डावरून आपोआप होणारं ते काम थांबलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे भारतीय कार्डावरून दर महिन्याला वा वर्षाला आपसूक कापल्या जाणाऱ्या पैशांना वेगळी मंजुरी लागते, आणि परदेशी कंपन्यांकडची अशी अनेक देणी तेव्हापासून अडकू लागली. मुलाने मध्ये हाताने पैसे भरले. नंतर एका सप्टेंबरअखेर ते राहून गेलं.

नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या मान्यताप्राप्त कंपनीने, मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना पाठवायची असते. डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेचं हे धोरण ३१ ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. तिन्ही सूचना गेल्याची नोंद रजिस्ट्रारकडे आहे, आणि ती खोटी असेल असं मला वाटत नाही. पहिल्या दोन ज्या पेटीत पडल्या ती कुणी उघडत नव्हतं, कारण सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर. तिसरी सूचना निघाली तोवर डोमेन बंद पडलं होतं. डोमेन बंद म्हणजे त्यावरचा ईमेलही बंद. घराला कुलूप लावून, घर बंद झाल्याची चिठ्ठी त्याच घराच्या आत टाकावी, तसा हा प्रकार.

हा धोका उद्योगाला ठाऊक नव्हता असंही नाही. या धोरणाआधी मुदत संपलेल्या नावांबाबत आयकॅनचा एक कार्यगट बसला होता. संपर्कासाठी त्या डोमेनवर नसलेला दुसरा ईमेल पत्ता द्यायला ग्राहकाला सांगावं, असं त्याने सुचवलं होतं. ती सूचना 'चांगली प्रथा' म्हणून राहिली, सक्ती झाली नाही.

मग नवरात्र, दसरा, आंबिया बहाराची धावपळ. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं की तुमच्या साइटवर भलत्याच नर्सरीच्या जाहिराती दिसताहेत. पुतण्याला वाटलं त्यांच्या मोबाइलमध्ये व्हायरस शिरला असेल. वास्तविक नाव रिन्यू होऊ शकत असताना तिथे दुसरं पान दाखवायचं असेल, तर मुदत संपल्याचं आणि रिन्यू कसं करायचं हे ठळक लिहावं असं तेच धोरण सांगतं. पुतण्याने ठेवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती ओळ आहे, जाहिरातींच्या खाली, फिक्या करड्या अक्षरांत. ठळक कशाला म्हणायचं यावर वाद घालता येईल. मी त्या पानाला ठळक म्हणणार नाही.

पुण्यातल्या मुलाला गाठून, पासवर्ड शोधून, रजिस्ट्रारच्या चॅटवर पोचेपर्यंत मुदत संपून महिना उलटला होता. उत्तर आलं : लिलाव पूर्ण झाला आहे, नाव नव्या धारकाकडे जात आहे, आता रिन्यू होणार नाही. लिलावाचं पान उघडंच होतं. विक्री सुमारे ४०० डॉलरला.

काकांची पहिली प्रतिक्रिया मला आजही सगळ्यात नेमकी वाटते. "पैशे तर मी देतच होतो ना बाप्पा! नऊशे रुपयाची गोष्ट. त्यायनं ती चाळीस हजाराले इकली, अन् मले साधा फोन नाही?"

जी तीस दिवसांची सवलत मिळालीच नाही

पुतण्याने तेव्हा इंटरनेटवर वाचलं होतं की मुदत संपलेलं डॉट कॉम लगेच जात नाही, सोडवून घ्यायला तीस दिवस मिळतात. वाचलेलं बरोबर होतं. या प्रकरणात ते लागू मात्र पडलं नाही, आणि या धंद्याचा खरा सांधा तिथेच आहे.

डॉट कॉमची मध्यवर्ती नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. मुदत संपली की तिच्याकडे नाव आपोआप एका वर्षाने पुढे ढकललं जातं आणि त्याचे घाऊक पैसे रजिस्ट्रारच्या खात्यातून कापले जातात. सप्टेंबर २०२४ पासून हा दर १०.२६ डॉलर आहे. पुढच्या ४५ दिवसांत रजिस्ट्रारने नाव खोडलं तर ते पैसे परत मिळतात. खोडल्यावर तीस दिवस जुन्या धारकाला जादा शुल्क भरून नाव परत घेता येतं, त्यानंतर पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग नाव मोकळं होतं.

म्हणजे तीस दिवसांची सवलत खोडण्यानंतर सुरू होते. रजिस्ट्रारने नाव खोडलंच नाही तर? ४५ दिवसांच्या आत लिलाव करून, धारकाच्या रकान्यात नवं नाव टाकलं तर? मग सवलत सुरूच होत नाही. नोंदवहीच्या दृष्टीने नाव रिन्यू झालं. २०११ ची जन्मतारीखही तशीच राहिली, आणि जुन्या वयाच्या नावाला बाजारात भाव जास्त.

रजिस्ट्रार आणि आयकॅन यांच्यातला २०१३ चा करार वाचला तर धारकाने रिन्यूअलला संमती दिली नाही की नोंदणी रद्द व्हावी, असा त्याचा रोख आहे. पण ग्राहकाने टिक करून मान्य केलेल्या लांबलचक अटींमध्ये एक कलम असतं : मुदत संपल्यावर आम्ही हे नाव लिलावात काढू शकतो वा दुसऱ्याच्या नावे करू शकतो. त्या एका टिकवर सगळा डोलारा उभा. बेकायदा म्हणता येत नाही, लपवलेलंही नाही. एकाच रजिस्ट्रारची ही करामत आहे असंही नाही. ही रीत चांगली रुळलेली आहे.

आता यात कोण कुठे उभा आहे ते बघा. मुदत संपतेय ही आठवण देण्याची जबाबदारी रजिस्ट्रारची. आठवण पोचली तर त्याला एका रिन्यूअलचे पैसे मिळणार, दहा-वीस डॉलर. आठवण पोचली नाही तर त्याला लिलावाचे पैसे मिळणार, इथे ४००. कुणी मुद्दाम सूचना दडपतं असा माझा आरोप नाही, तसा पुरावाही नाही. पण सूचना अधिक चांगली पोचवण्यासाठी एक एसएमएस, एक फोन, एक दुसरा ईमेल पत्ता यांवर खर्च करायचं कारण त्या कंपनीकडे उरत नाही. नियमाची किमान रेघ गाठली की काम झालं.

घेणाऱ्याची बाजू

मुदत संपलेली नावं विकत घेणारा एक तरुण मनीष नगरला राहतो. या प्रकरणातलं नाव त्याने घेतलेलं नाही, पण त्याचं रोजचं काम तेच. त्याला मी सगळं सांगितलं.

"दादा, वाईट वाटतं हे खरं," तो म्हणाला. "पण मी लिलावात पैसे मोजतो. माझीपण नावं राहून जातात, मला कोण फोन करतं? अन् लिलाव नको तर काय पाहिजे? नाव मोकळं सोडलं तर ते काकांना मिळालं असतं का?"

प्रश्न रास्त आहे. मोकळी झालेली डॉट कॉम नावं आपल्याकडे रात्री बाराच्या आसपास सुटतात आणि त्यातलं बरं नाव माणसाच्या हाताला लागत नाही. क्षणात उचलणाऱ्या कंपन्या आहेत. नोंदवहीशी जोडण्या रजिस्ट्रारच्या मान्यतेगणिक मिळतात, म्हणून जास्त मान्यता म्हणजे जास्त जोडण्या. त्यासाठी एकेका कंपनीने कागदोपत्री शेकडो रजिस्ट्रार उभे केले. ड्रॉपकॅच या अशाच एका कंपनीने तर २०१६ मध्ये एका झटक्यात ५०० नव्या मान्यता घेतल्या. प्रत्येकीची आयकॅनला द्यायची वार्षिक फी ४,००० डॉलर. हा खेळ परवडणारे जगात मोजके. त्यापेक्षा उघडा लिलाव बरा, कुणीही बोली लावू शकतो, असं तो तरुण म्हणतो, आणि घेणाऱ्यांपुरतं ते मला पटतं.

घेणाऱ्यांपुरतं. या विषयाचा इतिहास चाळला तर न्याय-अन्यायाच्या सगळ्या लढाया घेणाऱ्यांमधल्याच दिसतात. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेरिसाइनने एक योजना मांडली होती : प्रत्येक नावासाठी एकच प्रतीक्षा-जागा विकायची, नाव सुटलं की ते त्या जागेवाल्याला. गदारोळ झाला, खटले झाले, योजना कधी सुरूच झाली नाही. वाद कशावर? नाव सुटताना पहिला हात कुणाचा, यावर. नवं घेतलेलं नाव पाच दिवसांत परत करण्याच्या मुभेचा फायदा घेऊन लाखो नावं फुकट चाखून परत करण्याचा उद्योग चालायचा. आयकॅनने २००८-०९ मध्ये त्यावर शुल्क लावलं आणि तो ९९.७ टक्क्यांनी आटला. फायदा कुणाला? नवं नाव घेऊ पाहणाऱ्यांना. २००९ मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केलं की त्यांचाच एक वरिष्ठ कर्मचारी खोट्या नावाने बोल्या लावून भाव चढवत होता, २००५ पासून. कंपनीने व्याजासह पैसे परत द्यायचं ठरवलं, ते जास्त मोजावं लागलेल्या बोलीदारांना. बरोबरच केलं. पण ज्यांची नावं विकली जात होती त्या जुन्या धारकांचा त्या हिशेबात विषयही आला नाही.

'नावं न्याय्य रीतीने मोकळी व्हावीत' असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा मनात पुढचा धारक असतो. मागचा धारक या खटल्यात पक्षकारच नाही.

तारणाचा कायदा काय म्हणतो

इतवारीत सराफाकडे दागिना गहाण ठेवणाऱ्या माणसाला जे मिळतं ते डोमेन हरवणाऱ्याला मिळत नाही. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १७६. कर्ज फेडलं नाही तर तारण विकायचा अधिकार घेणेकऱ्याला आहे, पण आधी वाजवी नोटीस द्यायची आणि विक्रीतून येणं वजा जाऊन जे उरेल ते गहाण ठेवणाऱ्याला परत करायचं. दागिना सोडवायला उशीर झाला ही चूक गहाण ठेवणाऱ्याचीच असते. तरी वरचे पैसे त्याचे.

डोमेन हे तारण नाही, हे मान्य. ते वर्षाच्या बोलीवर घेतलेला वापराचा हक्क आहे आणि मुदत संपली की हक्क संपला, असं रजिस्ट्रारचा वकील म्हणेल. मग दुसरा प्रश्न : हक्क संपला असेल तर नाव खोडून नोंदवहीकडे परत जायला हवं, ते रजिस्ट्रारच्या दुकानात माल म्हणून कसं आलं? त्या नावाला ४०० डॉलरची किंमत आली कशाने? चौदा वर्षं गिऱ्हाइकांनी दुवे दिले, शेतकऱ्यांनी रोपांच्या टॅगवरून ते उघडलं, गूगलला ते माहीत झालं. हे सगळं काकांनी केलं. रजिस्ट्रारचा त्या नावावरचा चालू खर्च दहा डॉलरचा.

मनीष नगरच्या तरुणाने इथे मला अडवलं. "वरचे पैसे जुन्याला देत बसले तर कोणी रिन्यूच करणार नाही. मुद्दाम सोडेल, लिलाव होऊ देईल." मला ही भीती फार खरी वाटत नाही. ज्याला विकायचं आहे त्याला आजही उघड्या बाजारात विकता येतं, दलालीही कमीच जाते. लिलावात सोडून देणं हा तोट्याचाच मार्ग राहील, विशेषतः रजिस्ट्रारला त्यातून वाजवी वाटा कापू दिला तर. उद्योगाचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे : रिन्यूअलमधला नफा तुटपुंजा, लिलावाच्या पैशांमुळे सगळ्यांसाठी दर खाली राहतात. असेल. पण मग ते तसं स्पष्ट म्हणावं, की ज्यांना आठवलं त्यांची सूट, ज्यांच्यापर्यंत आठवण पोचली नाही ते भरतात.

आणि पैशांचं सोडलं तरी एक गोष्ट फारशी खर्चाची नाही : लिलाव झाला तरी जुन्या धारकाला तीस दिवसांची मुदत, शुल्क भरून. घेणाऱ्याचे पैसे तोवर अडकून राहतील. घर घेताना लोक त्याहून जास्त थांबतात.

दाद कुठे मागायची

तक्रारीच्या वाटा एकेक करून तपासल्या. बहुतेक लवकर संपल्या.

डॉट कॉमच्या वादांसाठीची यूडीआरपी ही लवाद पद्धत १९९९ पासून आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर फी १,५०० डॉलर, म्हणजे लिलावाच्या जवळपास चौपट. त्यात आपलं व्यापारचिन्ह दाखवावं लागतं, आणि समोरच्याने नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूने वापरलं हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. डॉट इन असतं तर आयएनडीआरपी या त्याच्या तशाच लवाद पद्धतीत नोंदवणं 'किंवा' वापरणं पुरलं असतं. पण मोठी अडचण नावातच. 'नागपूर संत्रा' हे २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, एकट्या रोपवाटिकेचं चिन्ह होऊच शकत नाही. लक्षात राहणारं, सरळ, वर्णन करणारं नाव निवडलं म्हणून धंदा चालला. तेच नाव वादात सगळ्यात दुबळं.

न्यायालयात सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या सत्यम इन्फोवे निकालाचा आधार आहे. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवण्याविरुद्ध दावा चालू शकतो, असं तो सांगतो. इथल्या एका वकिलांनी कागद पाहिले आणि विचारलं, "दावा कुणावर?" मे २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता नियमांमुळे नोंदणीधारकांची माहिती सार्वजनिक नोंदीतून झाकली जाते. घेणारा कोण, कुठला, ठाऊक नाही. एका फॉर्मवरून त्याला संदेश जातो, एवढंच.

ग्राहक आयोग हा पर्याय मला सर्वात जवळचा वाटतो. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नागपूरलाच. पण व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे, आणि काका स्वतःच्या उपजीविकेसाठी हा धंदा करतात हे दाखवावं लागेल. दिवाणजी, मजूर, दोन हंगाम; बाजू मांडता येईल, सोपी नाही. सूचना नीट न पोचवल्याचा दोष रिसेलरकडेही जातो. मात्र आयकॅनच्या करारानुसार रिसेलरमार्फत दिलेल्या सेवेची जबाबदारीही रजिस्ट्रारचीच असते. त्या मुलाला पक्षकार करायला काकांनी साफ नकार दिला. "तो पोरगा आपला आहे. त्याले कोर्टात ओढून मी गावात तोंड दाखवू का?"

आयकॅनकडे तक्रार केली. सूचना पाठवल्याची नोंद दाखवली गेली, तक्रार बंद झाली. नाव परत मिळवून देणं त्यांच्या कक्षेत नाही.

सध्याची स्थिती

नव्या धारकाने आधी २,५०० डॉलर मागितले, नंतर ९०० वर आला. काकांनी दिले नाहीत. सर्वात आधी जीएसटी पोर्टल आणि बँकेतला जुना ईमेल पत्ता बदलून घेतला. हे काम पुतण्याला सुचलं नव्हतं, आणि डोमेन हरवलेल्या बहुतेकांना सुचत नाही : ज्याच्याकडे नाव त्याच्याकडे त्यावर येणारी पत्रंही, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांसकट. मग एक घडवलेलं, कशाचंच वर्णन न करणारं नाव घेतलं, डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही, कमाल मुदतीचे दहा वर्षांचे पैसे एकदम भरून. व्यापारचिन्हासाठी रोपं आणि ताज्या फळांच्या वर्ग ३१ मध्ये अर्ज केला, फी ४,५०० रुपये. टॅगवरचे जुने क्यूआर कोड झाकायला स्टिकर छापले. विकल्या गेलेल्या रोपांवरच्या टॅगचं काही करता येत नाही.

पुतण्याने रजिस्ट्रारला एक पत्रही धाडलं, मसुद्याला मी हात लावला. नाव परत मागितलं नाही. लिलावाची रक्कम, त्यातून तुमचा खर्च, लिलावाचं शुल्क आणि रिन्यूअलची फी वजा करून उरलेल्या रकमेचा हिशेब द्या, आणि ती कुठल्या हक्काने ठेवली ते सांगा. उत्तरात अटींमधल्या त्या कलमाचा क्रमांक आला. हिशेब पुन्हा मागितला आहे. त्यावर अजून काही आलेलं नाही, आणि ग्राहक आयोगाचा अर्ज त्या उत्तरासाठी थांबवून ठेवला आहे.